पांढरा रुमाल, दोन बादल्या आणि सुझान लेंग्लेन: मुलींना टेनिसचा नेम कसा शिकवावा

कोर्टवर नेम धरायला रुमाल टाकायचा तो पुरुषांचा घ्यायचा, सुती आणि पांढरा. बायकांचा छोटा, कडेला फुलं काढलेला रुमाल बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, दिसतच नाही. आमच्या नागपुरात गांधीबागेत डझनाच्या भावाने मिळतात, बर्डीवर फुटपाथवरही मिळतात. टेरिकॉटचा मात्र घेऊ नका, मार्चमधला वारा सुटला की तो कोर्टभर पळतो आणि मुली त्याच्यामागे. सुती रुमाल बादलीत बुडवून, पिळून पसरला की सिमेंटला चिकटून बसतो. सकाळी साडेपाचला पसरलेला रुमाल बराच वेळ ओला राहतो. सात वाजले की नागपूरचं ऊन त्याला बघता बघता कडक करून टाकतं. मी घड्याळ बघत नाही. रुमालाची कड उचलायला लागली की चेंडू गोळा करायला सांगते. मे महिन्यात ती वेळ पावणेसातलाच येते, आणि कोणी कितीही "मॅडम, पाच मिनिटं नं" म्हटलं तरी पोरींना सावलीत पाठवायचं.

रुमालाची युक्ती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. ती शार्ल लेंग्लेन नावाच्या एका फ्रेंच बापाची. त्याने १९१० साली आपल्या ११ वर्षांच्या मुलीच्या, सुझानच्या हातात रॅकेट दिली. पोरगी दम्याने बेजार असायची, जरा मोकळ्या हवेत खेळेल म्हणून दिली. बाप स्वतः काही नामांकित खेळाडू नव्हता. पण बघायची नजर होती. दक्षिणेकडे नीस शहरात हिवाळ्यात चांगले चांगले खेळाडू यायचे. त्यांचे, विशेषतः पुरुषांचे फटके तो बघत बसायचा आणि तसेच पोरीकडून घोटून घ्यायचा. कोर्टवर रुमाल टाकायचा आणि तिने चेंडू त्यावर मारायचा. मग रुमाल दुसरीकडे. चार वर्षांनी, १९१४ मध्ये, पंधरावा वाढदिवस होऊन जेमतेम काही दिवस झाले होते तेव्हा ती पॅरिसजवळ वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप जिंकून बसली.

मी मुळात खो-खोवाली. नागपूरच्या महाल भागात वाढले, एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पीटी शिकवली. टेनिस तिशीच्या तोंडावर एका प्रशिक्षण शिबिरात शिकले, तेही शाळेत नवं कोर्ट झालं आणि त्याचं करायचं काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं म्हणून. त्यामुळे माझा बॅकहँड बघायला कोणी येऊ नये. पण खो-खोने एक शिकवलं होतं, की मुलीला "नीट पळ" म्हणून काही होत नाही, "त्या खांबाला हात लावून ये" म्हटलं की ती नीट पळते. शिबिरातल्या म्हाताऱ्या कोचनी लेंग्लेनच्या रुमालाची गोष्ट सांगितली तेव्हा मला ती लगेच पटली. रुमाल म्हणजे खांबच की.

तर मांडणी. सिंगल्सचं कोर्ट ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद असतं. सर्व्हिस लाइन, म्हणजे सर्व्हिस जिच्या आत पडावी लागते ती रेषा, जाळीपासून २१ फुटांवर, म्हणजे तिच्यापासून बेसलाइनपर्यंत मागे १८ फूट उरतात. सगळा खेळ त्या अठरा फुटांत आहे. पहिला रुमाल तिथे, मागच्या कोपऱ्यात, बेसलाइनपासून तीन फूट आत आणि बाजूच्या रेषेपासूनही तीन फूट आत. कोपऱ्याला चिकटवून ठेवू नका. मुलगी रेषेवर नेम धरते आणि निम्मे चेंडू बाहेर जातात, मग ती घाबरून मधोमध मारायला लागते. तीन फूट आत ठेवला की चुकलेला चेंडूही आतच पडतो. कोर्ट नसलं तरी अडत नाही. मुरमाच्या मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवा, फक्कीने रेषा मारा, व्हॉलीबॉलची जाळी खाली बांधा. मधोमध उंची तीन फूट आली पाहिजे, ती मात्र टेपने मोजा. जाळी मध्ये झोळीसारखी लोंबत असेल तर मुलींना खोटा आत्मविश्वास येतो.

एका वेळी कोर्टवर एकच रुमाल. मी सुरुवातीला हौसेने सहा ठिकाणी सहा मांडले होते. दिसायला छान दिसलं, धोबीघाटासारखं, पण चेंडू कुठेही पडला तरी पोरी म्हणायच्या, "मॅडम, मी त्यालाच मारून राहिली होती." आता सहाही रुमाल पाण्याच्या बादलीत असतात आणि पाळीपाळीने बाहेर येतात. दुसऱ्या बादलीत चेंडू, निदान तीस. जुने चालतात. दहा वर्षांच्या आतल्या मुलींना केशरी ठिपक्याचे मऊ चेंडू द्या. ते नेहमीच्या चेंडूच्या साधारण निम्म्या वेगाने येतात आणि खांद्याच्या वर उसळत नाहीत. आमच्याकडे त्यांना संत्राच म्हणतात. "मॅडम, आज संत्रा का हिरवा?" हिरव्या ठिपक्याचा म्हणजे जरा कडक, त्याच्यापुढची पायरी.

चेंडू द्यायचा तो हाताने. रॅकेटने फीड करायची घाई करू नका. मुलगी बेसलाइनच्या एक पाऊल आत उभी, तुम्ही तिच्यापासून सात-आठ पावलांवर, तिच्या फटक्याच्या वाटेतून बाजूला. खालून, हलक्या हाताने, एक टप्पा पडून तिच्या कमरेपर्यंत येईल असा टाका. एकाच जागी, एकाच लयीत. वीस चेंडू झाले की थांबायचं. रुमालापासून एका रॅकेटच्या लांबीत पडला तो लागला असं धरायचं. रॅकेट २७ इंचांची असते, म्हणजे तसं बघितलं तर बरंच उदार माप आहे. तरी पहिल्या आठवड्यात वीसात तीन लागले तर पोरगी बरी आहे असं समजा.

पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात येईल की चेंडू रुमालापर्यंत पोचतच नाही, सर्व्हिस लाइनपाशी बसतो. मुली जाळीच्या अगदी वरून मारतात, कारण टीव्हीवर तसं दिसतं. त्यावर उपाय दोरीचा. जाळीच्या दोन्ही खांबांना बांबू बांधा आणि जाळीच्या वर तीन फुटांवर सुतळी ताणा. चेंडू सुतळीवरून जाऊ द्यायचा. "जोरात मार" म्हणायचं नाही, "सुतळीवरून" एवढंच म्हणायचं. उंचीतून लांबी येते. जोराने मारलेला सपाट चेंडू जाळीत तरी जातो नाहीतर भिंतीवर. दोन आठवड्यांनी सुतळी काढून टाका आणि काही बोलू नका. मुली बरेच दिवस नसलेल्या सुतळीवरूनच मारत राहतात.

आता दुखणं मानेचं. हे मी सविस्तर सांगते, कारण नव्वद टक्के भानगड इथे आहे. रुमाल ठेवला की मुलगी रुमालाकडे बघते. बघणारच, तिला तेच सांगितलंय. पण ती चेंडू मारायच्या ऐन क्षणीही तिकडेच बघते. चेंडू रॅकेटला टेकायच्या आत मान वर, हनुवटी पुढे, आणि मान उचलली की खांदा उघडतो, खांदा उघडला की चेंडू रुमालाच्या एक हात बाहेर. आमच्याकडे एक डावखुरी होती, मनगट असं की बघत राहावं, पण वीसातले पंधरा चेंडू एकाच जागी बाहेर. मी तिची ग्रिप बदलून बघितली, पाय बदलून बघितले. शेवटी तिच्या मागे जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, तिची वेणीच उडत होती. प्रत्येक फटक्याला वेणी उजवीकडून डावीकडे. मान स्थिर असती तर वेणी हलली नसती. मग नियम केला. तयार होताना एकदा रुमालाकडे बघायचं, तिथून नजर चेंडूवर, आणि फटका मारून झाल्यावर, चेंडू जिथे रॅकेटला लागला त्या रिकाम्या जागेकडे बघत मनातल्या मनात "एक" म्हणायचं. त्यानंतर खुशाल बघ कुठे पडला तो. चेंडू येताना त्याच्यावर छापलेला आकडा वाचायला सांगितलं तरी चालतं. वाचता येत नाहीच, पण मान खाली राहते. मला अजूनही मुलींच्या मागे उभं राहून वेण्या बघायची सवय आहे.

रुमालाऐवजी नाणी ठेवून बघू नका, मी बघितलं आहे. पाच रुपयांचं नाणं ठेवलं आणि ज्या पोरीचा चेंडू त्याला लागेल तिने ते घ्यायचं असं जाहीर केलं. अर्ध्या तासात भांडणं, लागला-नाही लागला, आणि एकीच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं की मॅडम, हा जुगार शाळेत चालतो का. शिवाय नाण्याला चेंडू लागल्याचं काही कळतही नाही. ओल्या रुमालावर मात्र चेंडूचा गोल मळका ठसा उमटतो. तो पुरावा पुष्कळ.

पण सगळ्यात मोठी चूक माझी वेगळीच होती. लेंग्लेनच्या बापाबद्दल सांगतात की तो शिकवायचा तसाच लोकांदेखत बोलायचाही. काठावर बसायचा, तिची चूक झाली की चेहऱ्यावर दिसायचं, आणि आई-बाप दोघंही चारचौघांत तिला फैलावर घ्यायचे. मॅच अंगावर यायला लागली की बाप कोन्याकमध्ये, म्हणजे ब्रँडीत, भिजवलेले साखरेचे खडे तिच्याकडे पोचवायचा. मी खडे सोडून बाकी सगळं घेतलं. रुमालही आणि ओरडणंही. वहीत आकडे मी लिहायची आणि वीस चेंडू झाले की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची: तुझे चार, तुझे सात, तुझा एक. इतवारीतल्या एका किराणा दुकानदाराची मुलगी होती, बारा वर्षांची, सगळ्यांत मेहनती. तिचे आकडे वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागले. नऊ, सात, सहा, चार. मग यायचीच बंद झाली. आठवड्याने तिची आई आली. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "मॅडम, पोरगी रात्री झोपेत रुमाल रुमाल करून राहिली नं. तुम्ही तिले काही म्हणू नका, पण थोडे दिवस घरीच राहू द्या."

त्या दिवसापासून मोजणारी मुलगीच. लागला की नाही हे तिने ठरवायचं, आकडा तिने लक्षात ठेवायचा, वहीत तिने लिहायचा. मी वही उघडत नाही. तुम्ही म्हणाल, मुली वाढवून लिहितील. लिहितात. पहिले आठ दिवस लिहितात. मग कोणालाच त्यात रस नाही हे कळलं की खरं लिहायला लागतात, कारण खोटा आकडा लिहून स्वतःशी खेळायला मजा येत नाही. या लेखातलं बाकी काही नाही केलंत तरी चालेल, एवढं करा.

ती पोरगी परत आली. पुढच्या दिवाळीनंतर, स्वतःहून.

सरावाच्या सुरुवातीला पाच मिनिटं मी लेंग्लेनची गोष्ट सांगते. मुलींना आधी वाटतं इतिहासाचा तास, म्हणून मी गोष्ट तिथेच कोर्टवर करून दाखवते. उदाहरणार्थ १९१९ चं विम्बल्डन. मधली चार वर्षं महायुद्धात गेलेली. लेंग्लेन वीस वर्षांची, गवतावर पहिल्यांदाच खेळत होती. समोर डोरोथिया लँबर्ट चेंबर्स, वय चाळीस, सात वेळची विजेती, पायघोळ झगा आणि लांब बाह्या. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी बघायला. लेंग्लेनने पहिला सेट १०-८ घेतला, दुसरा ४-६ गमावला, तिसऱ्यात ४-१ ने पुढे गेली आणि तिथून घसरली ती इतकी, की चेंबर्स ६-५ आणि ४०-१५ ने पुढे. दोन मॅच पॉइंट, म्हणजे त्यातला एक मिळाला की मॅच चेंबर्सची. त्यातला पहिला लेंग्लेनने कसा वाचवला, तर रॅकेटच्या लाकडाला लागून. रॅकेटच्या तारांनी नव्हे, चौकटीने. चेंडू कसाबसा पलीकडे जाऊन पडला. शेवटी तिसरा सेट ९-७.

यावरून आमचा एक खेळ आहे, त्याचं नाव पाच-सहा. सरावाच्या शेवटी दोघी दोघी समोरासमोर. एकीने समजायचं की ती ५-६, १५-४० ने मागे आहे. समोरची सर्व्हिस करणार. रुमाल दोन्ही बाजूंना एकेक. मागे असलेलीने तो गेम काढायचा, नाहीतर मॅच संपली, चेंडू गोळा करायला लाग. दर दिवशी एकदाच खेळायचा, दोनदा खेळला की त्याची भीती जाते आणि भीती असणं गरजेचं आहे. मी बघितलंय, रोज रुमालावर बारा-पंधरा मारणाऱ्या मुली इथे दुसऱ्याच चेंडूला मान वर करतात. आणि लाकडी चौकटीवाला पॉइंट सांगितलेला असल्यामुळे एखादीचा चेंडू फ्रेमला लागून पलीकडे गेला तर ती माफी मागत बसत नाही. "लेंग्लेन" असं ओरडते आणि पुढच्या पॉइंटला उभी राहते.

तिचे आकडे सांगताना जरा जपून. १९१९ ते १९२३ ओळीने पाच आणि १९२५ ला सहावं विम्बल्डन, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला एकेरीचं सुवर्ण आणि त्यात सगळ्या स्पर्धेत मिळून गमावलेले गेम चार, १९२५ च्या विम्बल्डनमध्ये पाच. एवढं ऐकलं की मुली हातपाय गाळतात. म्हणून ती हरलेली मॅच मी आधी सांगते. १९२१ साली ती बोटीने अमेरिकेला गेली, प्रवासात हैराण झाली. तेव्हा ड्रॉमध्ये सीडिंग नव्हतं, म्हणजे तगड्या खेळाडूंना सुरुवातीच्या फेऱ्यांत एकमेकींपासून लांब ठेवायची पद्धत नव्हती, पहिली प्रतिस्पर्धी खेळायलाच आली नाही, त्यामुळे थेट दुसऱ्या फेरीत समोर आली मोला मॅलरी, तिथली चॅम्पियन. पहिला सेट २-६ गेला, दुसऱ्यात खोकत खोकत लेंग्लेनने मॅच सोडली. प्रेक्षकांनी हुर्यो केली. महायुद्धानंतर १९२६ पर्यंत एकेरीत ती हरली ती एवढी एकच. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत त्याच मॅलरीला ६-२, ६-० हरवलं, २६ मिनिटांत.

यातली शिकवण मला बोटीची वाटते. नागपूरहून पुण्या-मुंबईच्या स्पर्धेला जायचं म्हणजे रात्रभराची गाडी. एकदा आमची गाडी चार तास उशिरा पोचली, पोरींनी स्टेशनवर दात घासले आणि रिक्षातून थेट कोर्टवर. दोघी पहिल्या फेरीत बाहेर, तिसरीला उलटी. चूक माझी, आयोजकांची नाही. तेव्हापासून नियम असा की स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत गावात पोचायचं, संध्याकाळी अर्धा तास त्या कोर्टवर एक रुमाल टाकून मारायचं, जेवून झोपायचं. एक दिवसाच्या राहण्याचा खर्च वाढतो. पालक कुरकुरतात. त्यांना बोटीची गोष्ट सांगा.

कपड्यांबद्दल आमच्याकडे दरवर्षी एक तरी आई येते. "मॅडम, पोरगी काळी पडून राहिली नं," ही एक तक्रार, आणि स्कर्ट घालायचा का, ही दुसरी. माझं उत्तर ठरलेलं आहे. लेंग्लेनच्या आधीच्या बायका कॉर्सेट आवळून, थरावर थर परकर घालून खेळायच्या. तिने ते टाकलं, पोटऱ्यांपर्यंतचा हलका झगा आणि आखूड बाह्या घातल्या, लोकांनी नावं ठेवली आणि मग सगळ्यांनी तेच उचललं. तिने झगा आखूड केला तो धावता यावं म्हणून. तुमची पोरगी ट्रॅकपँटमध्ये धावत असेल तर ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून ऊन लागत नसेल तर तो घाला. अट एकच, वाकून चेंडू उचलताना कपडा सावरायला हात जाता कामा नये. तिच्या डोक्याला बांधलेली रंगीत पट्टीही प्रसिद्ध होती. ती आपल्याकडे फुकटात होते. जुन्या सुती दुपट्ट्याची चार बोटं रुंद पट्टी फाडा, ओली करा, कपाळावरून नेऊन मागे वेणीखाली गाठ मारा. घाम डोळ्यांत येत नाही. मुली रंगावरून भांडतात, भांडू द्या.

ब्रँडीच्या खड्यांऐवजी गुळाचा खडा आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, दर पंधरा मिनिटांनी, तहान लागो न लागो. मे महिन्यात कैरीचं पन्हं. उपाशीपोटी कोणी यायचं नाही आणि येताना तर्री पोहा चापूनही यायचं नाही, तो परत जाताना खा, मीही तेव्हाच खाते. शिबिराच्या सुरुवातीला प्रत्येक मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. लेंग्लेन १९३८ मध्ये ३९ व्या वर्षी पंडुरोगाने गेली. तिचा पंडुरोग वेगळ्या जातीचा, बी-१२ च्या कमतरतेचा, पण आपल्याकडे दमलेल्या मुलीला आळशी म्हणायची इतकी घाई असते की आधी रक्त बघितलेलं बरं.

ती पुढे व्यावसायिक झाली, पॅरिसमध्ये स्वतःची टेनिसची शाळा काढली, हे सगळं मोठ्या मुलींना सांगा, लहानांना नको. लहानांना लीला रावची गोष्ट सांगा. १९३४ साली विम्बल्डनला एकेरीची मॅच जिंकणारी ती पहिली भारतीय बाई. आई क्षमा राव, संस्कृतात लिहिणाऱ्या, त्याही टेनिस खेळायच्या. लीलाने ती मॅच पहिला सेट ४-६ हरून मग १०-८, ६-२ अशी काढली. आमच्या पोरींना लेंग्लेनपेक्षा ही जवळची वाटते, कारण हिचं नाव घेताना जीभ वळत नाही असं होत नाही.

शेवटची शिस्त रेषेची, आणि तिच्यासाठी १९२६ ची गोष्ट लागते. १६ फेब्रुवारी, कान शहर, समोर वीस वर्षांची अमेरिकन हेलन विल्स. दोघी एकेरीत समोरासमोर आल्या त्या एवढ्या एकदाच. पहिला सेट लेंग्लेनने ६-३ घेतला, दुसऱ्यात ६-५, ४०-१५. विल्सचा फटका कोपऱ्यात पडला, कोणीतरी "आउट" ओरडलं, दोघींनी जाळीपाशी हात मिळवले, फोटोवाले आत घुसले. तेवढ्यात रेषेवरचा पंच पुढे आला आणि म्हणाला: चेंडू आत होता, मी ओरडलोच नाही, ओरडला तो प्रेक्षकांतला कोणीतरी. मॅच पुन्हा सुरू. विल्सने तो गेम घेतला, ६-६. जिंकलेली मॅच पुन्हा जिंकायची! लेंग्लेनने ती ८-६ ने जिंकली.

त्यामुळे सरावात आठवड्यातून एकदा मी पाठीमागून उगाच "आउट" ओरडते. न सांगता, चेंडू स्वच्छ आत असताना. जी थांबते तिचा पॉइंट जातो. चेंडू आत की बाहेर हे ज्या बाजूला पडला त्या मुलीने ठरवायचं, हात वर करून, मोठ्याने. शंका आली तर आत. भिंतीपलीकडून स्कूटरवर बसून ओरडणाऱ्या बाबांचं ऐकायचं नाही. त्या बाबांनाही मी हेच सांगते, जरा वेगळ्या शब्दांत.

रुमाल संध्याकाळी साध्या साबणाने धुवा, ब्लीच घालू नका, विरतात. धुण्याआधी एकदा मुलींसमोर पसरा आणि ठसे बघू द्या. सिमेंटची काळपट छटा जात नाही, जाऊ द्या, सहा महिन्यांनी नवीन डझन आणा. माझ्याकडे एक रुमाल मी धुतलेलाच नाही. इतवारीची ती पोरगी परत आल्यानंतर पहिल्या महिन्यातला. मी मोजले तेव्हा त्यावर नऊ ठसे होते. ती म्हणाली दहा, दोन एकमेकांवर पडलेत. वहीत दहा लिहिलेले आहेत, तिच्या अक्षरात.